नमुना क्रमांक दोनशे बारा

तुळशीराम पोळेकरानं दुधाची कासंडी आणावी तसा
दोन्ही हातांत धरून डबा आणला,
टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला.
बाकीचे नमुने तो दारातूनच सरकवून जातो.
"बाई, हा जरा नीट बघा."

पानशेतच्या पाण्यावर त्याची होडी.
खात्याची दोरी, खात्याचं शिसं.
पावसाळा सरला की ठरल्या ठिकाणी सोडायचं
आणि खोली ओरडायची; वहीत कुणीतरी लिहितं.
एक ठिकाण मात्र खात्याच्या नकाशात नाही.
तिथं पूर्वी दार होतं.
पहिल्या वर्षी एकोणीस हात,
यंदा सोळालाच शिसं मऊ टेकलं.
"घर वर येतंय म्हणायचं का, बाई?"
घर नाही हो, तळ वर येतोय.
हे मी बोलले नाही. पावती फाडली.

"याच्यात सारवणाचं काही निघतं का?"
फॉर्मात तसा रकाना नाही.
रेती, पोयटा, चिकणमाती.
बेरीज शंभर आलीच पाहिजे.

पाणी निवडतं. ताटात तांदूळ घेऊन बसलेल्या
माझ्या भोरच्या आत्यासारखं.
डोंगर उतरताना घाईत सगळंच उचलतं,
मग ओढ मंदावली की
आधी गोटे सोडतं, मग वाळू,
आणि धरणाच्या गार पोटात आल्यावर
इतका वेळ हट्टानं धरून ठेवलेलं बारीकसारीक, तेही.

वारा पाखडतो. धायरीत माझ्या सातव्या मजल्यावर
खडीमशीनची भुकटी रोज संध्याकाळी
टीव्हीवर, फ्रिजच्या डोक्यावर,
घडी घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते.
जड ते खाली रस्त्याकडेला राहतं,
वर येतं ते नुसतं पीठ.
बोट फिरवून सांगते मी: आज वारा नऱ्ह्याकडून.

बर्फाचं मला माहीत नव्हतं. पुण्यात बर्फ
म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर मासळीच्या पेटीतला.
भाचा वैजनाथ लेहकडं रस्ते बांधतो,
त्याला म्हटलं होतं, येताना हिमनदीची माती आण.
बिस्किटाच्या डब्यात आणली.
चाळण्या लावल्या, आलेख काढला,
रेषा काही धड येईना.
पिठाशेजारी खडा, खड्याशेजारी मुठीएवढा धोंडा,
सगळे एकमेकांना बिलगून.
बर्फ निवडत नाही, पाखडत नाही.
घर बदलताना शेवटच्या फेरीला
टेम्पोत जसं कोंबतात तसं आणतो
आणि वितळला की असेल तिथंच टाकून जातो.
"तिकडचे उतार असेच दिसतात, मावशी," वैजनाथ म्हणाला,
"कुणीतरी सामान टाकून पळाल्यासारखे."
तो धोंडा मी अजून कागदांवर ठेवते.

तर दोनशे बारा.
नळकांड्यात ओतला, तोंडावर तळहात दाबून
मिनिटभर उलटासुलटा केला, ठेवला, घड्याळ लावलं.
अर्ध्या मिनिटात रेती बसली. फार नव्हतीच.
दोन मिनिटं. आठ. तीस.
पोयटा असा उतरतो की दिसत नाही,
फक्त वरचं पाणी किंचित उजळल्याचा भास होतो.
सहाला शिपाई दिवे घालवून गेला.
चिकणमातीला रात्र द्यावीच लागते.

सकाळी नळकांडं अजून चहासारखं.
खाली बोटभर थर,
आणि थरावर, आडवं पडलेलं, एक तूस.
भाताचं असेल. कुठल्याही खाचरातलं.
सारवणातही तूस असतं, हे खरं.
नियमानं असला कचरा चिमट्यानं काढायचा,
वजनात धरायचा नाही.
चिमटा ड्रॉवरमध्येच होता.

दुपारी तो आला. काही विचारलं नाही,
नळकांड्यासमोर उकिडवा बसला,
धोतराच्या सोग्यानं काचेवरचा माझा ठसा पुसला
आणि बघत राहिला.
"अजून बसली नाही."
"वेळ लागतो."
"किती?"
तक्त्यात बघून सांगता आलं असतं.
मी स्टूल पुढं केलं.